मोटारहोमच्या खालून येणारा आवाज कसा शोधावा

आमच्या मोटारहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, मागच्या डाव्या बाजूने मध्यंतरी ‘ठक्क’ असा आवाज येऊ लागला होता. आंबा घाट उतरताना तो प्रत्येक वळणावर ऐकू येई; पुण्याहून कोल्हापूरपर्यंत मात्र गाडी अगदी गप्प असे. आम्ही गाडी ज्या गॅरेजमध्ये नेली, तेथे ती एकदाही रस्त्यावर न काढता मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर (गाडीचे डोलणे आवरणारे भाग) बदलण्यात आले. पुढच्या सहलीत साखरप्याच्या अलीकडे तोच आवाज पुन्हा आला. उलगडा झाला तो एका साध्या नोंदीमुळे : आवाज नेहमी सहलीच्या दुसऱ्या दिवशी येत होता. पहिल्या दिवशी 120 लिटरची पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली असे आणि स्वतःच्या वजनाने जागेवर घट्ट बसलेली असे. दुसऱ्या दिवशी ती अर्धी रिकामी झाली की वळणावर पाणी एका बाजूला धावे, टाकी पट्ट्यात किंचित उचलली जाई आणि तिचा काठ चासीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) आडव्या पट्टीवर आपटे. पट्ट्याखालचा रबराचा तुकडा कधीतरी सरकून पडला होता. दुरुस्तीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा पुरला.

म्हणूनच आवाज शोधताना ‘कोणता भाग खराब झाला असेल’ हा प्रश्न मी आता सर्वांत शेवटी विचारतो. आवाज केव्हा येतो आणि केव्हा येत नाही, हे आधी पक्के करावे लागते, आणि ते काम गाडीखाली शिरून नव्हे, तर गाडी चालवत असताना करायचे असते.

आवाजाला नाव द्या

या बाबतीत मराठी माणसाला भाषेची मोठी मदत आहे. कुरकुर, करकर, खडखड, टकटक, खट्ट, धप्प, गुरगुर, घरघर, किणकिण यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या प्रकारच्या हालचालीचा आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत असतील तर कुरकुर होते; बुश (सांध्यातली रबरी किंवा धातूची नळी) झिजून पोकळी झाली असेल तर टकटक होते; एखादी वस्तू एकदाच सरकून दुसऱ्या टोकाला अडकली तर खट्ट होते; आणि ज्या आवाजाची लय चाकाच्या फिरण्याबरोबर वाढते तो गुरगुरतो किंवा घरघरतो. मिस्त्रीला ‘गाडी वाजते’ एवढेच सांगितले तर तो अंदाजाने काम करणार. ‘सावकाश गतिरोधकावर चढताना मागून कुरकुर होते, पाऊस पडला की थांबते’ असे सांगितले तर त्याचे निम्मे काम तिथेच होते.

एक लहान वही गाडीत ठेवावी आणि नोंद शेजारी बसणाऱ्याने करावी, चालवणाऱ्याने नव्हे. वेग किती होता, रस्ता कसा होता, ब्रेक दाबलेला होता का, वळण डावे होते की उजवे, टाक्या किती भरलेल्या होत्या, गाडी नुकतीच सुरू केली होती की तासभर चालली होती, एवढे लिहिले तरी पुरे. आवाजाची जागा मात्र बसल्या जागेवरून सांगू नये. लांब चासी ही लोखंडी नळीसारखी आवाज वाहून नेते, आणि मागच्या शॅकलमध्ये (स्प्रिंगचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीत) झालेली खट्ट कित्येकदा चालकाच्या पायाखाली ऐकू येते. कोणीतरी मागच्या भागात बसून ऐकणे उपयोगाचे असते, पण पट्टा असलेल्या आसनावर बसूनच. चालत्या गाडीत कपाटाशी कान लावून उभे राहू नये.

आधी घर, मग चाके

मिनीबस आणि मोटारहोम एकाच चासीवर बांधलेले असले तरी त्यांचे आयुष्य वेगळे असते. बसमधले प्रवासी उतरून जातात. मोटारहोममधले कपाट, पलंग, ओटा, बॅटऱ्या आणि टाक्या कधीच उतरत नाहीत. पाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, कायम दबलेले राहतात, आणि वर प्लायवूडचे अख्खे घर डोलत असते. त्यामुळे खालून आल्यासारखे वाटणारे कितीतरी आवाज प्रत्यक्षात वरचे असतात.

पहिली चाचणी घरातच करावी. भांडी, ताटे आणि बाटल्या यांच्यामध्ये टॉवेल कोंबावेत, ड्रॉवर चिकटपट्टीने बंद करावेत, गॅस सिलिंडरच्या पट्ट्याला हात लावून तो घट्ट आहे का ते पाहावे, शेगडीच्या जाळ्या काढून गादीवर ठेवाव्यात. बाहेर स्टेपनीचा पाळणा, जॅक, पायरी आणि छताच्या कडेला गुंडाळलेले सावलीचे कापडी छत हे नेहमीचे गुन्हेगार आहेत, त्यांना हाताने जोरात हलवून पाहावे. मग नेहमीच्याच रस्त्यावर, नेहमीच्याच वेगाने एक फेरी मारावी. सगळे सामान उतरवून फेरी मारण्याचा मोह टाळलेला बरा, कारण वजन कमी झाले की पाटे वर उचलले जातात आणि खरा आवाजही नाहीसा होऊ शकतो. मग दोष सामानाचा होता असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

दुसरी चाचणी ठोकळ्याची आहे. सपाट जागेवर सुमारे 10 सेंटीमीटर जाडीचा मजबूत लाकडी ठोकळा एका पुढच्या चाकासमोर ठेवून गाडी अगदी सावकाश त्यावर चढवावी आणि इंजिन बंद करून पुन्हा खाली उतरू द्यावी. उताराचा वेग ब्रेकने आवरावा आणि गाडीच्या पुढे-मागे कोणालाही उभे राहू देऊ नये. एकच चाक वर गेले की चासीला पीळ बसतो, आणि त्यावर बसवलेली कपाटे एकमेकांना घासून करकरतात. इंजिन बंद असल्यामुळे हा आवाज घराच्या कोणत्या सांध्यातून येतो ते स्पष्ट कळते. प्लायवूडच्या दोन कडा घासत असतील तर त्या फटीत मेणबत्ती घासावी. आवाज बंद झाला तर तेथे पुढे फेल्टची पट्टी लावता येते.

इथपर्यंत आवाज सापडला नाही, तर मग खाली पाहायचे.

गाडीखाली जाण्यापूर्वी

तीन-चार टन वजनाची गाडी नुसत्या जॅकवर उभी करून तिच्याखाली शिरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. जमीन काँक्रीटची किंवा फरशीची आणि सपाट असावी. मुरुमावर जॅक खचतो. न उचललेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, आणि उचललेल्या भागाखाली पुरेशा क्षमतेचे जॅक स्टँड (पक्के लोखंडी आधार) ठेवूनच पुढे जावे. सुदैवाने मोटारहोम उंच असल्यामुळे निम्म्याहून अधिक तपासणी चाके जमिनीवर असतानाच करता येते, आणि ती तशीच करणे अधिक योग्य असते. टॉर्च, चिंधी, तारेचा ब्रश, टेप, पांढऱ्या ऑईलपेंटची छोटी डबी आणि लांब टॉमी (लोखंडी पहार) एवढे साहित्य पुरते.

पाटे

आपल्याकडच्या मिनीबसवर बांधलेल्या मोटारहोममध्ये मागे पाटे असतातच, आणि पुष्कळ गाड्यांमध्ये पुढेही असतात. सावकाश गतिरोधकावर येणारी कुरकुर बहुधा पाट्यांची किंवा त्यांच्या बुशची असते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. एका बाजूच्या पाट्यांवर पाण्याची बादली हळूहळू ओतावी आणि लगेच गतिरोधकावरून गाडी न्यावी. आवाज काही मिनिटांपुरता थांबला तर पाटे एकमेकांवर कोरडे घासत आहेत. थांबला नाही तर दुसऱ्या बाजूला तेच करावे, आणि तरीही थांबला नाही तर बुशकडे वळावे. पावसाळ्यात गप्प असलेली गाडी दिवाळीनंतर कुरकुरू लागते, त्याचे कारण हेच.

यावर आपल्याकडचा रूढ उपाय म्हणजे पाट्यांवर डिझेल किंवा जळके ऑईल मारणे. मला तो अजिबात मान्य नाही. ते रबरी बुशवर ओघळते आणि रबर फुगून मऊ पडते. शिवाय तेलाला धूळ चिकटून तिचा घासणारा लेप तयार होतो. जुन्या पद्धतीचे, एकावर एक पूर्ण टेकलेले अनेक पाटे असतील तर ते उतरवून, गंज घासून आणि ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा बसवणे हे खरे काम आहे आणि ते पाटेवाल्याकडूनच करून घ्यावे. पॅराबोलिक, म्हणजे मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत जाणारे, पाटे मात्र मध्यभागी आणि टोकांनाच टेकतात. त्यांच्या टोकांना असलेले पॅड झिजले असतील तर पॅड बदलावे लागतात. तेथे तेलाचा काही उपयोग नाही. बुश कोरडे असून रबरी असतील तर सिलिकॉन स्प्रे चालतो. धातूचे बुश असतील आणि पिनला ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे बोंड) असेल, तर जुने काळे ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येऊन नवे दिसू लागेपर्यंत ग्रीस गन मारावी. निपलमधून ग्रीस आतच जात नसेल तर ती पिन कित्येक महिने कोरडी चालली आहे असे समजावे.

खट्ट हा आवाज कुरकुरीपेक्षा गंभीर असतो. उभी गाडी सुटताना एक खट्ट, ब्रेक दाबताना दुसरी खट्ट, आणि मधल्या वेळात शांतता असेल, तर आस पाट्यावर मागे-पुढे सरकत आहे अशी शंका घ्यावी. आस आणि पाटे यांना आवळून धरणारे यू बोल्ट तारेच्या ब्रशने नव्हे तर आधी नुसत्या डोळ्यांनी पाहावेत. ढिल्या यू बोल्टभोवती एक खूण असते जी ब्रश फिरवला की नाहीशी होते : बोल्ट आणि पाटा यांच्या सांध्यातून निघालेली विटकरी, अगदी बारीक भुकटी, आणि तिच्या कडेला केसाएवढी चकचकीत लोखंडी रेघ. बाकी सगळीकडे चिखलाचा जुना थर आणि तेवढ्याच ठिकाणी ताजी चकाकी दिसली, तर ते लोखंड रोज घासले जात आहे. पाट्यांच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट तुटला असेल तर आस तिरकी होते. ते पाहण्यासाठी पुढची चाके सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजावे. दोन्ही मापांत स्पष्ट फरक असेल तर गाडी चालवत गॅरेजकडे नेऊ नये, गॅरेजवाल्याला गाडीकडे बोलवावे. हाच नियम तुटलेल्या मुख्य पाट्याला आणि तडकलेल्या हँगरला (पाटा चासीला अडकवणाऱ्या कंसाला) लागू आहे.

सुटताना येणारा ‘टण्ण’ असा धातूचा आवाज मात्र प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे त्याच्या फिरत्या सांध्याचाही असू शकतो. गाडी उभी असताना, पुढचा गिअर आणि रिव्हर्स आलटून पालटून टाकत क्लच अलगद सोडून पाहावा. प्रत्येक वेळी दिशा बदलताना टण्ण झाले तर ठोकळे लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आणि इंजिन बंद करून शाफ्ट हाताने मागे-पुढे फिरवावा. क्रॉसमधली ढिलाई हाताला लागते.

पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्यातील बुश तपासताना टॉमीचे टोक डोळा आणि हँगर यांच्या मध्ये घालून हलकेच रेटावे. रबर दबते आणि परत येते, हे ठीक आहे. लोखंडावर लोखंड वाजले तर बुश संपला आहे. शॅकलच्या दोन्ही पट्ट्या एका बाजूला झुकून हँगरला घासल्याच्या खुणाही बघाव्यात.

टकटक आणि धप्प

खडबडीत डांबरी रस्त्यावर, 20 ते 30 च्या वेगात सतत टकटक होते, पण मोठ्या खड्ड्यात ती ऐकू येत नाही, असे असेल तर संशय स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलणे आवरणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडवर, म्हणजे त्याच्या जोडदांडीवर, किंवा त्याच्या रबरांवर घ्यावा. येथे एक चूक वारंवार होते. गाडीचे एकच चाक उचलून लिंक रॉड हलवून पाहिला जातो, पण एक चाक उचलले की बारला पीळ बसतो, लिंक ताणला जातो आणि झिजलेला सांधाही घट्ट वाटतो. म्हणून सपाट जमिनीवर चारही चाके टेकलेली असताना लिंक मुठीत धरून जोरात हलवावा. लिंक सोडून ठेवून रस्त्यावर चाचणी घेण्याचा सल्ला काही जण देतात. उंच आणि जड गाडी त्या अवस्थेत वळणावर फार कलते, तेव्हा तो ऐकू नये.

शॉकॲब्सॉर्बर हा सर्वांत बदनाम भाग आहे, आणि निष्कारण बदलला जाणाराही. त्याच्या बाहेर तेलाचा हलका ओलावा असणे वेगळे आणि तेल ओघळून त्यावर चिखल बसणे वेगळे. दुसऱ्या स्थितीत तो बदलावा. कोपरा दाबून गाडी किती वेळा डोलते हे पाहण्याची लहान गाडीची पद्धत येथे चालत नाही, कारण एवढ्या जड गाडीला माणसाच्या जोराने काही होत नाही. त्याऐवजी खराब रस्त्यावर 10-12 किलोमीटर गाडी चालवून थांबावे आणि चारही शॉकॲब्सॉर्बरना आधी हात जवळ नेऊन, मग बोटाने स्पर्श करून पाहावे. काम करणारा शॉकॲब्सॉर्बर तापतो. एकाच आसावरचा एक गरम आणि दुसरा थंड असेल तर थंड असलेला नुसता लटकत आहे. आवाज मात्र अनेकदा त्याच्या आतून नव्हे, तर वरच्या-खालच्या बोल्टमधल्या रबरांतून येतो, आणि ती रबरे बदलण्याचा खर्च अगदी किरकोळ असतो.

मोठ्या खड्ड्यात येणारी धप्प ही बहुधा आस बंप स्टॉपवर (आस फार वर आल्यास तिला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आदळल्याची असते. बंप स्टॉपच्या रबरावर किंवा त्याच्या समोरच्या लोखंडावर स्वच्छ, चकचकीत ठसा दिसेल. मग दोन शक्यता उरतात : पाटे थकले आहेत, किंवा घर जड झाले आहे. त्याचा निकाल गॅरेजमध्ये लागत नाही, वजनकाट्यावर लागतो. हमरस्त्यावरच्या किंवा साखर कारखान्याजवळच्या काट्यावर, टाक्या भरून आणि माणसे बसवून आधी अख्ख्या गाडीचे वजन करावे, मग फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन दुसरे वजन करावे. वजाबाकी केली की मागच्या आसाचा भार मिळतो. तो गाडीच्या पाटीवरच्या कमाल आकड्यांशी ताडून पाहावा. पाण्याचा प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो, हे टाकी मोठी करून घेताना कोणाच्याही लक्षात राहत नाही. भार मर्यादेत असूनही धप्प होत असेल, तर सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. एक बाजू बोटभर तरी खाली असेल तर त्या बाजूचे पाटे बसले आहेत, किंवा बॅटऱ्या, फ्रीज आणि टाकी हे सगळे सुताराने त्याच बाजूला मांडले आहे. दुसरे कारण अधिक वेळा आढळते. पाटेवाले एक जादा पाटा घालून देण्याची तयारी लगेच दाखवतात. मर्यादेपेक्षा जास्त भार असलेल्या गाडीला त्याने आस, ब्रेक किंवा टायर यांची क्षमता मिळत नाही, फक्त धप्प ऐकू येणे थांबते.

पुढची बाजू

पुढे सलग आस आणि किंगपिन (चाक ज्याभोवती वळते ती उभी पिन) असलेल्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना किंवा खड्ड्यात टकटक होत असेल, तर पुढचे चाक जमिनीपासून थोडे उचलून वर आणि खाली हात धरून हलवावे. ढिलाई लागली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तशीच राहिली तर किंगपिनचा. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर खटखट झाली तर टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्यांचे टोकाचे सांधे) पाहावेत. ते पाहताना चाके जमिनीवर ठेवून मदतनिसाला स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगावे आणि प्रत्येक सांध्यावर हात ठेवत जावे. झिजलेला सांधा डोळ्यांना दिसण्याआधी तळहाताला कळतो.

युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांकडे बहुधा फियाट ड्युकाटोवर बांधलेली गाडी असते. तिच्यात मागे पाटे आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा भाग) असतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवताना स्प्रिंग उडी मारल्यासारखा आवाज आला तर स्ट्रटच्या वरच्या टोकावर हात ठेवून पाहावे; झटका जाणवला तर तिथला माउंट किंवा बेअरिंग गेले आहे. दाबलेली स्प्रिंग सोडवण्याचे काम घरी कधीही करू नये.

गुरगुर आणि घरघर यांचा सस्पेन्शनशी, म्हणजे पाटे-शॉकॲब्सॉर्बरच्या यंत्रणेशी, सहसा संबंध नसतो. रुंद, मोकळ्या रस्त्यावर गाडी डावीकडे वळवताना घरघर वाढली तर उजव्या चाकाचे बेअरिंग, उजवीकडे वळवताना वाढली तर डाव्या चाकाचे, असा सर्वसाधारण अंदाज बांधता येतो. चार महिने उभी असलेली गाडी निघताना चाकाच्या लयीत धपधप करते आणि काही किलोमीटरनंतर शांत होते. तो टायरला उभ्याने पडलेला सपाट भाग असतो. टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडाही त्याच वेळी वाचावा. 3519 म्हणजे 2019 सालचा 35 वा आठवडा. मोटारहोमचे टायर झिजण्याआधी वयाने संपतात, आणि खोल नक्षी पाहून फसायला होते.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच रस्त्यावर, तेवढ्याच भरलेल्या टाक्या घेऊन फेरी मारावी. तीन भाग एकदम बदलले आणि आवाज गेला, तर दोन भागांचे पैसे कशासाठी गेले हे कधीच कळत नाही. मिस्त्रीला फेरीला सोबत घ्यावे. तो टाळाटाळ करत असेल तर फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकवावे, आणि काढलेला जुना भाग हातात घेऊन त्याची झीज दाखवायला सांगावी.

यू बोल्ट, शॅकल, शॉकॲब्सॉर्बर आणि लिंक रॉड यांचे नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरावीक जोराने) आवळले की प्रत्येक नटावरून शेजारच्या लोखंडापर्यंत पांढऱ्या ऑईलपेंटची एक सरळ रेघ ओढावी. पाटे नवे बसवले असतील तर ते पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बसतात आणि यू बोल्ट ढिले पडतात, त्यामुळे ते पुन्हा एकदा आवळून घ्यावे लागतात आणि जुनी रेघ पुसून नवी ओढावी लागते. त्यानंतर प्रत्येक सहलीच्या आदल्या संध्याकाळी टॉर्च घेऊन गाडीभोवती एक फेरी मारावी आणि रेघ कुठे तुटली आहे का, म्हणजे नट फिरला आहे का, एवढेच पाहावे.